गोठ्याचा पत्ता

परवाना मंडळाच्या कचेरीत मारिट मानसशास्त्रज्ञ म्हणून पहिलावहिला अर्ज भरत होती. कान मात्र शेजारच्या बाकावर होते. तिथे मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर वर्ना आणि त्यांचा वकील यांची जुंपली होती.

“सही करा, बाई. यापुढे पेशंटना फक्त नोंदवलेल्या जागीच भेटेन, एवढंच लिहिलंय.”

“ती जागा भर बाजारात आहे. दाराशी कुणाची पिकअप उभी आहे, हे अख्ख्या गावाला पाठ.”

“म्हणून पेशंटच्या गोठ्यात जाऊन बसायचं? त्याचीच तर तक्रार झालीय!”

“तो उशाशी बंदूक घेऊन झोपत होता. माझ्या दवाखान्याची पायरी जन्मात चढला नसता.”

“परवाना जाईल तुमचा!”

“कसा जाईल? करते की सही. आणि तो पत्ता बदलायचा फॉर्म पण आणा.”

“आता कुठला पत्ता?”

“माझ्या स्वतःच्या गोठ्याचा. तिथं गाडी दिसली की लोक समजतात, गवत न्यायला आलाय. पेन आहे?”

मारिटनं आपलं पेन पुढे केलं.

“थँक्यू, पोरी. आणि वकीलसाहेब, मंडळाला कळवा. तपासणीला खुशाल या म्हणावं, फक्त बूट जुने घाला.”