कुसुमकाकू आणि हार घातलेला दगड

“मार म्या खाल्ला वं, अन् हार दगडाले.” याच सभागृहात, आरती चालू असताना, कुसुमकाकू एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाली होती. मी तेव्हा हसले होते. काकू गेल्यापासून तेच वाक्य डोक्यातून जात नाही.

मंडळी, तुम्ही सगळे आलात. आपल्या पंथातलं एकही घर मागे राहिलं नाही. मला बोलणं जड जातंय. सांभाळून घ्या.

काकूचा फोटो पाहा. कुंकवाच्या वर आडवी खूण दिसते ना? मी लहान होते. भजन चाललं होतं. रस्त्याकडच्या खिडकीतून दगड आला आणि काकूच्या कपाळावर बसला. कुणी मारला, कधीच कळलं नाही. पण आला होता, हे खरं. लोक आपल्याला टोमणे मारत, हेही खरं. मी नाकारत नाही. त्या दिवसापासून ती खिडकी बंद आहे आणि दगड हार घालून चौरंगावर आहे. आजही आहे, तिच्या फोटोशेजारी.

पुढे काकूच्या मुलीचा, रेखाचा हात मोडला. पाठांतर चुकलं म्हणून. दादाजी, तुम्ही आपल्या पंथाचे गुरू, काठी तुमच्या हातात होती. काकूनं भर बैठकीत विचारलं, “माह्या पोरीले एवढं काऊन मारलं?”

तुम्ही चौरंग उचलून तिच्यापुढे ठेवलात. म्हणालात, “बाहेरचे आपल्याले जगू देऊन नाई राह्यले, अन् तू घरातूनच दगड मारते?”

सगळे तिच्याकडे रागानं पाहू लागले. तो दगड तिलाच लागला होता, हे कुणालाच कसं आठवलं नाही?

तेव्हापासून कुणी काही विचारलं, की चौरंग पुढे येतो. विचारणारा खाली बसतो.

रेखा देवळीला मामाकडे वाढली. मोठी झाल्यावर तिनं हे चारचौघांत सांगितलं. मग तिला इथलं दार बंद झालं, तिला भेटायला-बोलायलाही सगळ्यांना मनाई झाली. काकू मात्र येत राहिली. दर गुरुवारी त्या बंद खिडकीपाशी बसायची. रेखा बाहेर रस्त्यावर उभी राहायची. काकू आतून फळीवर टकटक करायची, बाहेरून टकटक यायची. मायलेकीचं एवढंच बोलणं. मी शेजारी बसायचे. आता घरी पोळ्या लाटतानाही मला ते ऐकू येतं.

आत्ताही येतंय. आणि हा माझा भास नाही. तुम्हीही ऐकताय, म्हणून तर माना खाली गेल्यात. रेखा सकाळच्या बसनं आली आहे, त्या खिडकीबाहेर उभी आहे. आईचं शेवटचं दर्शनही तिला मिळालं नाही.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. दादाजी, तेवढा वेळ ती खिडकी उघडा. दार सोडा, नुसती खिडकी.

तुमचा हात चौरंगाकडे चाललेला मला दिसतोय. तरीही मागते. खिडकी उघडा.