बंद दारापुढचा कोल्हा

त्या दिवशी आमच्या बेलव्ह्यू शहरात असं धुकं पडलं होतं, की समोरचं घरही दिसेना. त्यातूनच शेजारचा निलेश आला. एका जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या इथल्या ऑफिसात तो गेम बनवतो. म्हणाला, “काका, टेस्टिंगला आयुष्यात एकही गेम न खेळलेला माणूस हवाय. चला ना, प्लीज!”

ही कंपनी आधी लाकडी खेळणी करायची म्हणे. तेव्हापासूनचा त्यांचा नियम असा, की खेळणं परक्याच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. समजावून सांगावं लागलं, तर खेळणं कच्चं.

त्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर एक कोल्हा होता आणि पुढे एक घर, दार बंद. कळ दाबत दाबत मी कोल्ह्याला दारापर्यंत नेलं आणि थांबलो. वीस मिनिटं गेली. मागे बसलेल्या निलेशचा पाय नुसता हलत होता, पण तोंडातून शब्द नाही. वेळ संपल्यावर मात्र तो म्हणाला, “काका, दार ढकललं का नाहीत?”

“अरे, लोकाचं घर ते. आतून कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय कसं शिरायचं?”

दुसऱ्या दिवशी निलेश सांगत आला, “काका, तुमच्या खेळण्याचं रेकॉर्डिंग बघून साहेबांनी गेमची सुरुवातच काढून टाकली. सहा महिन्यांचं काम!”

मी म्हटलं, “अरे देवा! मी अडाणी माणूस रे. माझ्यापायी तुझी नोकरी तर नाही ना जाणार?”

तो म्हणाला, “काका, चूक तुमची नाही. आम्ही घर बांधलं, आणि आत माणूस ठेवायलाच विसरलो.”