चावी कुणाकडं द्यायची

मला हर्नियापेक्षा बीपीनंच लई छळलं बगा. ऑपरेशनसाठी धारूरहून दोनदा दवाखान्यात गेलतो. दोन्ही वेळा बीपी एकशे ऐंशीच्या वर, म्हणून डॉक्टरांनी माघारी धाडलं.

तिसऱ्या खेपेलाही तेच. मग सिस्टरनं हातावरचा पट्टा सोडला, खाटंवर बसली आन् विचारलं, "काका, कापायचं एवढं भ्या वाटतंय का?"

"कापायचं न्हाई, बाई. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. आता कुलूप लावून आलोय. पोरगं पुण्याला हाय, त्याला कळवलं न्हाई. मला काय झालं तर चावी कुणाकडं द्यायची, तेच सुचंना."

तिनं हात पुढं केला. "माझ्याकडं द्या. पोराचा नंबरबी द्या."

तासाभरानं बीपी एकशे चाळीसवर आलं आन् ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आलो तवा ती उशाशी उभी होती. "पोराला फोन केलता, काका. निघालाय तो."

"रागावला का?"

"न्हाई. बापाजवळ कोण हाय, एवढंच विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"मी हाय, म्हणलं."