लाकूड पलटवायची मशीन

तुमी हसान, पण सांगतोच. मूर्तिजापूरच्या लाकडं चिरायच्या आरामशीनवर शेटनं ओंडके पलटवायची मशीन आणली, तवा सारे मलेच पाहून राहिले होते. सब्बल लावून ओंडका पलटवायचं काम माह्यंच होतं ना! आता बटन दाबलं की लोखंडी हात खालून येत अन् ओंडक्याले कुशीवर वळवत.

शेट म्हणे, "बुवा, नाराज होऊ नका. बटन तुमीच दाबा."

"नाराज काहून होऊ?" मी म्हटलं.

घरी माही बायको कंबर मोडून खाटेवर होती. रात्री तिले घडीघडी वळवा लागे, नाहीतर पाठीले जखमा होत. पण ओंडके पलटवून माहे हातच उठत नसत. ती म्हणे, "झोपा तुमी, मले काही होत नाही."

त्या राती मी तिले अल्लद वळवलं.

"आज जोर कुठून आणला जी?" तिनं इचारलं.

मी मशीनचं सांगितलं. मंग ती म्हणे, "दसऱ्याले माह्याकडून खणानारळाची ओटी ठेवजा तिच्यापुढं. दिवसभर तुमचं वझं उचलते बिचारी."