केवळाच्या ओव्यांची चाल

निजामी अमदानीत, उदगीर स्थानकाच्या बाकावर, फ्रेंच लोकगीतांच्या तबकड्या जमविणारे बापूसाहेब वकील आणि शेतकरी शेषेराव यांचे संभाषण माझ्या कानी पडले.

“तुमच्या गावच्या फ्रेंच पाद्रीसाहेबांनी मायदेशी जाताना तुम्हाला दिलेली ती तबकडी मला द्या, शेषेराव.”

“न्हाई वकीलसाहेब. ते वाजवायचे, अन् आमची कारभारीण केवळा जात्यावर त्याच चालीत ओव्या म्हणायची.”

“पण ग्रामोफोनावाचून तबकडीचा उपयोग काय?”

“केवळा वारल्यापासून ओव्या ध्यानात हायेत, पर चाल इसरलो. चाल हिच्यातच हाय.”

“निदान दाखवा तरी. अहो, ही तर तडकली आहे. वाजायची नाही.”

“मंग चाल गेलीच म्हणा.”

“गेली कशी? लेबलावरचे गाणे ओळखीचे आहे; हीच तबकडी माझ्या इथल्या घरी धड आहे. उठा.”

“तुमची बिदरची गाडी येऊन राहिली की.”

“येऊ द्या. तबकडी मी लावतो, ओव्या तुम्ही म्हणा.”