मस्कतकडे अडकलेली छत्री

पालीच्या एसटीच्या रांगेत मैनाच्या पुढे कुलसुमचाची उभी होती. टीव्हीच्या छत्र्या बसवणाऱ्या विनीतनं तिला गाठलंच. मैनानं कान दिले.

“चाची, छत्रीची मोटर अडकली म्हणे? कळवायचं नाय?”

“मस्कतच्या चॅनेलवर अडकलीय. राहू दे तशीच.”

“आज येऊन फिरवून देतो. तुमच्या मालिका बुडतायत.”

“बुडू देत मेल्या. तिथलं हवामान तरी दिसतं. काल नुसती आग होती, अद्नानला फोनवर म्हटलं, डोकं झाक.”

“अहो, तो तिथंच राहतो. त्याला ऊन कळत नाय?”

“कळतं रे. पण लेक माझा मला सांगतो, ‘अम्मी, इथं गार आहे.’”

रांग पुढे सरकली.

“चाची, संध्याकाळी शिडी घेऊन येतो. फिरवत नाय. नट आवळून देतो, वाऱ्यानं हलायला नको.”