दाराखालची फट

मी, तक्रारदाराची सासू, वय ५८, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, राहणार छापखान्याची गल्ली, खिडकीत शिवणयंत्र दिसतं तेच घर, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, माझ्या मुलीचं, चिमीचं, लग्न होऊन दोन वर्षं झाली. जावयांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस गोड बोलणारा. आमच्या गल्लीतल्या बायका मला म्हणतात, पोरीनं नशीब काढलं. आज त्यांनी तक्रार दिली आहे की बायको थोरल्या बंगल्यातून नाहीशी झाली, तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तिनं तळ्यात उडी घेतली असावी. हवालदारसाहेब त्यांना ‘सदर इसम’ लिहीत होते. मी म्हटलं, जावईच लिहा, मला लगेच कळतं. ते बाहेर व्हरांड्यात बसलेले आहेत.

थोरला बंगला म्हणजे गावाबाहेरचा तो जुना बंगला, जो पडायला आला होता आणि आता डागडुजी करून, रंगरंगोटी करून तिकीट लावून दाखवतात. आज आमच्या ह्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त सगळ्यांनी तिकडे जाऊ, हा बेत जावयांचा. सकाळी गाडी घेऊन तेच आले. चिमीला मी पाच महिन्यांनी पाहिलं. अधूनमधून भेटायला गेलं की जावई दारातच सांगायचे, तिला सर्दी आहे, आता कुठे डोळा लागलाय. आज तिनं मी शिवलेला निळा झगा घातला होता. तिची मापं माझ्या बोटांत आहेत. झगा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. मी म्हटलं, अगं, जेवतेस की नाही? तिनं आधी जावयांकडे पाहिलं, मग म्हणाली, जेवते.

गाडीत जावई ह्यांना सांगत होते की चिमी हल्ली विसरते, बोलता बोलता उठून कुठेही चालू लागते, नजरेआड झाली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आमचे हे भोळे. म्हणाले, तुम्ही आहात म्हणून आम्हाला घोर नाही. बंगल्याच्या फाटकाशी उतरल्यावर जावयांनी माळ्याला विचारलं, तळं किती खोल आहे आणि कडेला कुंपण का नाही. माळी म्हणाला, पलीकडच्या बाजूला हत्ती बुडेल. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बंगला बघण्यासारखा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. फरशी अशी की तोंड दिसावं. जेवणाच्या टेबलावर मेणाची फळं मांडली आहेत. ह्यांनी दोरीवरून हात घालून एका सफरचंदाला नख लावून पाहिलं, म्हणून बोलणी खाल्ली. बंगला दाखवणारी बाई जुन्या काळच्या मोलकरणीच्या वेषात होती. करडा झगा, पांढरा एप्रन, पांढरी टोपी. शिलाई यथातथाच, पण पाठीला बटणांऐवजी चिकटपट्टी लावलेली. म्हणजे घालायला दोन मिनिटं पुरतात, हे माझ्या लक्षात आलं.

वरच्या मजल्यावर टोकाला एक खोली आहे. कडी बाहेरून. बाई सांगत होती की मालकानं आपल्या बायकोला तब्येतीच्या नावाखाली कित्येक वर्षं इथे ठेवलं. दाराच्या तळाशी हातभर रुंद फट कापलेली आहे. बाई हसून म्हणाली, सांगा बघू, ही फट कशासाठी? तीस-एक माणसं असतील. कुणी म्हणालं मांजरासाठी, कुणी म्हणालं वाऱ्यासाठी, कुणी पत्रांसाठी. हे म्हणाले, बायकोच्या चपला मोजायला. सगळे हसले. मीही हसले.

चिमी फटीकडे बघत होती. ती म्हणाली, “जेवणासाठी. खोलगट ताट अडकतं, सपाट ताटली लागते. आणि पेला जात नाही, पाणी बशीतून द्यावं लागतं.”

बाई म्हणाली, अगदी बरोबर, आजवर कुणालाच ओळखता आलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयांनीही वाजवल्या. मग त्यांनी चिमीच्या मानेवर मागून हात ठेवला आणि ह्यांना म्हणाले, हिला गोष्टींच्या पुस्तकांचा फार नाद. तो हात त्यांनी पुढच्या तीन खोल्या बघून होईपर्यंत काढला नाही. मी आई आहे, मला दुसरं काही सांगायची गरज लागली नाही.

खाली आल्यावर मी म्हटलं, चिमे, चल माझ्याबरोबर, मला बायकांच्या मोरीत जायचंय. जावई तिची पर्स हातात धरून दाराबाहेर उभे राहिले. पर्स आणि फोन नेहमी त्यांच्याकडेच असतो. चिमीनं आत नळ सोडला आणि मग बोलली. घरामागच्या कोठीला आतून कडी नाही. दाराची फट जावयांनी स्वतः पट्टी लावून, आखून कापली. कडेला पॉलिशकागद मारला, हाताला कुसळ लागू नये म्हणून. दुकानात जाताना तिला कोठीत घालतात. राग आला तर रात्रीही. हे महिन्याभराचं नाही, पहिल्या वर्षापासूनचं आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “ते म्हणतात, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? सगळ्यांना सांगून ठेवलंय की तू वेडी झालीस.” मला माळी आठवला. माझी खात्री आहे की आजची सहल ह्यांच्या वाढदिवसासाठी नव्हती. तिला परत न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं.

मी अशी बाई आहे की मला राग आला तर मी चारचौघांत ओरडते. आज नाही ओरडले. ओरडले असते तर त्यांनी हात जोडून माफी मागितली असती, लोकांनी त्यांचीच समजूत काढली असती, आणि गाडीत मागच्या सीटवर तीच बसली असती.

तळमजल्यावर जुन्या वेषात फोटो काढून देतात. मी जावयांना म्हटलं, आमच्या ह्यांच्यासाठी आम्ही मायलेकी नटून फोटो काढतो, तुम्ही दोघं समोर बसा. पडद्याआड पुरुषांना सोडत नाहीत. आत मी चिमीला मोलकरणीचा झगा घातला, कमरेला दोन टाचण्या मारल्या, केस टोपीत कोंबले, माझं पाकीट तिच्या हातात दिलं आणि कुठे जायचं ते सांगितलं. पडद्यामागे नोकरांच्या जिन्याकडे जाणारं दार आहे, त्याला कुलूप असतं. ते कुणी उघडलं ते मी पाहिलं नाही. मी तेव्हा सुईत दोरा ओवत होते. हवालदारसाहेबांनी हे दोनदा विचारलं, मी दोनदा हेच सांगितलं.

ती गेल्यावर मी एकटीच मोठमोठ्यानं बोलत राहिले. सरळ उभी राहा गं, श्वास आत घे, हात वर कर, किती वळवळतेस. असं बराच वेळ चाललं. बाहेरून जावई म्हणाले, आई, झालं का? मी म्हटलं, बायकांचं नटणं आहे, घाई करून चालतं का? मी आवाज कापू दिला नाही. शेवटी मी घोळदार झगा आणि पिसांची टोपी घालून एकटीच बाहेर आले. हे हसायला लागले. जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पडदा ओढला, आत पाहिलं आणि ते थेट तळ्याकडे ओरडत धावले. बाकीच्यांच्या तोंडी तळ्याचं नाव येण्याआधी त्यांच्या तोंडी आलं, हे लिहून घ्या.

हे मी आत्ता का सांगते, तर बंब आलाय, तळ्यात गळ टाकून शोध चाललाय, आणि आमचे हे काठावर उभे राहून तिला हाका मारताहेत. त्यांना मी सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही, जावयांनी पाठीवर हात ठेवला असता तर सगळं बोलून गेले असते. पण त्यांचं हृदय अशक्त आहे, अंधार पडत आलाय, आणि हवालदारसाहेबांनी तळ्यावरून आलेला फोन उचलला तेव्हा मागून त्यांची हाक मला ऐकू आली. ते माझ्याच्यानं सहन होत नाही.

म्हणून सांगते की मुलगी जिवंत आहे. ती माझ्या जुन्या सोबतिणीकडे, गणवेशांना बटणांची काजं करून देणाऱ्या काजेवालीकडे आहे. कापडबाजाराच्या मागे, लाँड्रीवरचा मजला, हिरवं दार. काजेवाली एकटी असते, साठीची आहे. जावयांना हे घर माहीत नाही आणि कळता कामा नये. तळ्यावरचा शोध थांबवावा, ह्यांना घरी पोचवावं आणि काजेवालीच्या दारात एक पोलीस उभा करावा, एवढीच माझी विनंती आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी नियमाप्रमाणे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वय झालेल्यांना कमी ऐकू येतं या समजुतीनं त्यांनी तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचला. माझं लक्ष काही चुकलंय का याकडे होतं, दाराकडे नव्हतं. वाचून झाल्यावर मी दार उघडलं. व्हरांड्यात कुणी नाही. फाटकाशी जावयांची गाडी नाही. ठाण्याच्या दोन्ही गाड्या तळ्यावर आहेत, त्या बोलावल्या आहेत. काजेवालीचा फोन वाजतो आहे, कुणी उचलत नाही.

मला अंगठा नको, सही येते. माझ्या सांगण्याप्रमाणे जबाब बरोबर लिहिला आहे. पत्ताही बरोबर आहे.